शिवताना गप्पा कधी आणि गप्प कधी

प्रश्न : ताई, आम्ही सहा जणी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. दर वर्षी भेटतो आणि भेटलो की नुसती बडबड आणि फोटो, म्हणून यंदा शनिवार-रविवार एकत्र राहून सगळ्यांची मिळून एक गोधडी शिवायची असं ठरलंय. दोघींना छान शिवता येतं, तिघींना जेमतेम आणि एकीने शेवटचा सुईत दोरा कधी ओवला ते तिलाच आठवत नाही. त्यात छान शिवणाऱ्यांपैकी एकीला दुसरीचा वाकडा टाका बघवत नाही, मागे तिने एकीची शिवलेली पिशवी न विचारता अख्खी उसवली होती आणि त्यावरून दोन महिने अबोला झाला. दोन दिवसांत गोधडी होईल का? आणि झाली तर राहणार कोणाकडे?

उत्तर : पूर्ण नाही होणार, हे आधीच सांगून टाकते म्हणजे रविवारी संध्याकाळी कोणाचं तोंड पडायला नको. वरचा जोडकामाचा भाग मात्र नक्की होईल. हिशोब करा, सहा जणींनी पाच-पाच चौकोन केले की ३० झाले, १२ इंची चौकोन पाच बाय सहा मांडले की ६० बाय ७२ इंच, म्हणजे एका माणसाला पांघरायला पुरेसं. अननुभवी हातांना दिवसाला दोन-तीन चौकोन जमतात, त्यापेक्षा जास्त धरू नका.

आता खरी मेख. सहा जणी, त्यात दोन-तीन मशीन आणि प्रत्येक मशीनची पाव इंच शिलाई (कडेपासून शिवणीपर्यंत सोडायचं कापड) वेगळी! लॉग कॅबिन प्रकार घेतलात (मधे छोटा चौकोन आणि चारी बाजूंनी पट्ट्या लावत जायचं, शिकाऊ हातांना हाच बरा) तर चौकोनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज आठ शिवणी येतात. प्रत्येक शिवण अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जरी आत गेली तरी कापड दोन्ही बाजूंचं जातं, म्हणजे शिवणीमागे एक सूत आणि आठ शिवणींना आठ सूत, म्हणजे चक्क एक इंच. मग एकीचा चौकोन १२ चा आणि दुसरीचा ११ चा, आणि जोडायला बसलात की भांडण. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यात आधी प्रत्येक मशीनवर दीड इंची तीन पट्ट्या जोडून बघा, इस्त्री केल्यावर रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोब्बर एक इंच दिसली पाहिजे. नसेल तर सुईची जागा नाहीतर कापड धरायची खूण बदला. आणि चौकोन १३ इंचाचे करून नंतर साडेबारावर कापून घ्या, जोडताना कडेचा पाव-पाव इंच जाऊन १२ उरतात.

हे माप कापायचं काम तुमच्या त्या उसवणाऱ्या मैत्रिणीला द्या, मोठी पट्टी आणि कटर घेऊन तिला उभं करा, तिचा नीटनेटकेपणा तिथे सोन्यासारखा कामी येईल. उसवणी मात्र तिच्या हाती देऊ नका, जिचा चौकोन तिनेच उसवायचा हा नियम आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. वाकडे टाके राहिले तर राहू देत हो. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी अमेरिकेत जी प्रचंड गोधडी केली ती ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा मांडली तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते, त्यातले कितीतरी कधीही न शिवलेल्या लोकांनी केलेले. माप तेवढं सगळ्यांना एकच, ३ फूट बाय ६ फूट, आत काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुम्हीही तेवढंच करा.

दोरा न ओवणाऱ्या मैत्रिणीला इस्त्री आणि मांडणी द्या. सगळे चौकोन जमिनीवर मांडून फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा, फिकं-गडद कुठे एकाच बाजूला साठलंय ते लगेच कळतं, नुसत्या डोळ्यांना रंग फसवतात. इस्त्री मशीनपासून लांब ठेवा, म्हणजे तिथे जायच्या निमित्ताने सगळ्या जरा उठतील, नाहीतर दुपारपर्यंत माना धरतात. आणि इस्त्री एकटीच एका वेगळ्या सॉकेटवर, ती हजार वॉटच्या आसपास किंवा त्याहून जास्त खाते, मशीन बिचारं शंभरेक.

बाकी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामं दोन ढिगांत वाटा, गप्पा मारत होतील अशी आणि तोंड बंद ठेवून करायची अशी. कटर चालवणं दुसऱ्या ढिगातलं, तिथे बोलायचं नाही, हसायचं तर त्याहून नाही, ब्लेड ठेवताना दर वेळी बंद. पट्ट्या तर प्रत्येकीने घरूनच कापून आणाव्यात, गडद लाल-निळं कापड आधी धुऊन, नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारच्या पांढऱ्यावर उतरेल. हाताचा कच्चा टाका, धावदोरा, कडेचा गोट आतून टिपणं ही सगळी गप्पांची कामं, हात चालू असले आणि नजर खाली असली की माणूस समोरासमोर बसून बोलणार नाही ते बोलून जातं (हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असू शकतो).

आता कोणाकडे राहणार. सगळ्यांकडे फिरवू असं म्हणाल तर दुसऱ्या वर्षी ती कोणाच्यातरी कपाटातच सापडेल. १८४० च्या दशकात अमेरिकेत बायका प्रत्येक चौकोनावर शाईने सही करून अशा गोधड्या करायच्या आणि बऱ्याचदा लांब राहायला जाणाऱ्या मैत्रिणीला द्यायच्या, तिथून उचला. पहिली पट्टी जोडायच्या आधी चिठ्ठी काढा, जिचं नाव निघेल तिची, बाकीच्यांनी फिक्या पट्टीवर सह्या करायच्या. पुढच्या वर्षी उरलेल्या पाच चिठ्ठ्या.

प्रश्न : आमचं असंच शनिवार-रविवारचं शिवण झालं, वरचा भाग छान झाला आणि मग चार महिने माझ्याच कपाटात पडून आहे. बाकीच्या विचारतात झाली का म्हणून. चिडचिड होते.

उत्तर : होणारच, सगळ्यांचं उरलेलं काम एकीच्या गळ्यात आलंय. बारीक टाक्यांचा हट्ट सोडा आणि गाठी मारा. अस्तर चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठं घ्या, मधला थर (वरचा भाग आणि अस्तर यांच्यामध्ये घालायचं मऊ भरण) घाला, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला जात सेफ्टी पिना लावा आणि जाड दोऱ्याने दर चार इंचांवर एक दुहेरी गाठ. मधल्या थराच्या पाकिटावर किती अंतरापर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, ते एकदा वाचा. एक दिवस दोघींना तरी घरी बोलवा. नाहीच आल्या तर गुंडाळून पुढच्या मैत्रिणीकडे पाठवून द्या, सुई-दोऱ्यासकट.