वाचकांचे प्रश्न : नायट्रेट घातलं, कार्बोनेट निघालं

प्रश्न : मी सोलापूरला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं नायट्रेट एलडीएच (लेयर्ड डबल हायड्रॉक्साइड, म्हणजे दोन धातूंच्या हायड्रॉक्साइडचे थर आणि त्यांच्या मधे नायट्रेट) करतेय. दोन्ही क्षार नायट्रेटचेच घेतले, पीएच १० ठेवला. तीनदा केलं, पण एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) पहिलं शिखर दर वेळी ११.६ अंशांवर येतं. यायला हवं १० च्या आसपास. सर म्हणतात, पदार्थच बनला नाही. प्रकल्प बदलू का?

उत्तर : अजिबात बदलू नका. पदार्थ बनलाय. फक्त त्याच्या थरांमध्ये नायट्रेटच्या जागी कार्बोनेट जाऊन बसलंय.

तुमच्याकडची काळी माती आठवा. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइटच्या थरांवर ऋणभार असतो, म्हणून मधे सोडियम, कॅल्शियमचे धनायन राहतात. एलडीएचमध्ये नेमकं उलटं आहे. मॅग्नेशियमच्या काही जागा ॲल्युमिनियम घेतं, थरावर धनभार चढतो आणि तो भागवायला मधे ऋणायन लागतात. त्यात थरांची ओढ सगळ्यात जास्त कार्बोनेटकडे. नायट्रेटचा नंबर जवळजवळ शेवटचा. निसर्गात मिळणारं हायड्रोटाल्साइट हे एलडीएच खनिजही कार्बोनेटचंच असतं.

तुमचं ११.६ अंशांचं शिखर हेच सांगतंय. यंत्रात तांब्याचे क्ष-किरण असतील, तर त्याचा अर्थ थरांतलं अंतर सुमारे ७.६ अँगस्ट्रॉम. थराची स्वतःची जाडी ४.८. उरले २.८, तेवढ्यात कार्बोनेट आडवं मावतं. नायट्रेट असतं तर अंतर ८.८ च्या घरात गेलं असतं. आलेखावर ६१ अंशांजवळही एक शिखर असेल. ते थराच्या आतल्या बांधणीचं. ते सरांना जरूर दाखवा.

आता हे कार्बोनेट आलं कुठून? पीएच.डी.च्या वेळी मी यात दोन महिने घालवले आहेत. पाणी उकळून घेत होते, हवा दूर ठेवायला नायट्रोजन वायू सोडत होते, तरी अंतर ७.६ च! शेवटी पीएच वाढवायला वापरत होते त्या सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उजेडात धरून पाहिली. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून गोळ्यांवर कार्बोनेटची पांढरी पूड धरली होती. म्हणजे मी स्वतःच्या हातानं कार्बोनेट घालत होते. त्यावर उपाय जुनाच आहे : हायड्रॉक्साइडचं ५० टक्के द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत करून बूच घट्ट लावा आणि काही दिवस हलवू नका. इतक्या तीव्र द्रावणात कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण पिपेटनं काढा आणि उकळून, बंद ठेवून गार केलेल्या पाण्यानंच ते पातळ करा.

धुताना सगळ्यांत जास्त घोटाळा होतो. अवक्षेप साध्या डिस्टिल्ड पाण्यानं, उघड्यावर, तासन्‌तास गाळत बसलात तर आधीची सगळी काळजी वाया. सेंट्रिफ्यूजच्या झाकणाच्या नळ्या वापरा, धुवायलाही तेच उकळलेलं पाणी घ्या, आणि ओव्हनऐवजी व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये वाळवा. निव्वळ आयआरवरून (अवरक्त वर्णपटावरून) निकाल लावू नका : नायट्रेटचा पट्टा १३८४ सेंमी⁻¹ वर, कार्बोनेटचा १३६० ते १३७० च्या दरम्यान, एकमेकांत सहज मिसळतात. नायट्रोजन नायट्रेटमध्येच असतो, कार्बोनेटमध्ये नाही, म्हणून पदार्थातल्या नायट्रोजनचं प्रमाण काढून घ्या.

आणि हातातला पदार्थ फेकू नका. ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला चार-पाच तास भाजा. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातील, मिश्र ऑक्साइड उरेल. ते हवेत न ठेवता लगेच कार्बोनेटमुक्त पाण्यातल्या सोडियम नायट्रेटमध्ये, नायट्रोजनखाली, दिवसभर ढवळा. थर पुन्हा उभे राहतात. याला मेमरी इफेक्ट म्हणतात. भट्टी मात्र फार तापवू नका. स्पिनेल (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं स्थिर ऑक्साइड) झालं, की ते परत फिरत नाही.

नवा आलेख आला की १० अंशांच्या शिखराशेजारी ११.६ वर बारीकसं काही उरलंय का, ते आधी बघा. उरलं असेल तर पुढच्या खेपेला धुण्यापासून तपासायला लागा.