बाहुली हिसकावू नकोस, पोरीसोबत बसून खेळ

अगं, अंगणवाडीत तू नवीन, म्हणून सांगते. पोरीच्या हातातली गोरी, काटकुळी बाहुली बघून लगेच काढून घेऊ नकोस. खानापूरला मी तेच केलं होतं. पोरगी दोन दिवस आलीच नाही, आणि तिच्या आज्जीनं मला चांगलंच ऐकवलं.

पण खेळताना कान मात्र उघडे ठेव. "मी काळी, मी नवरी कशी होणार?" असं चार वर्षांची पोर बोलते, तेव्हा ते बाहुलीनं एकटीनं शिकवलेलं नसतं, घरातल्या आत्याबाईंनीही शिकवलेलं असतं! तरी बाहुलीचा वाटा आहेच. २००६ साली इंग्लंडात ५ ते ८ वर्षांच्या मुलींना बार्बीची चित्रं दाखवली, तर त्यांना स्वतःचं शरीर कमी आवडू लागलं. २०१४ मध्ये अमेरिकेत तर गंमतच झाली. डॉक्टर बार्बीशी खेळलेल्या मुलींनाही वाटलं, मुलांना जमतील तितकी कामं आपल्याला जमणार नाहीत. बटाट्याच्या आकाराच्या बाहुलीशी खेळलेल्यांना तसं फारसं वाटलं नाही. म्हणजे नुसता पांढरा कोट चढवून भागत नाही.

२०१६ पासून बुटक्या, जाड बार्बीही निघाल्यात, सावळ्या तर त्याआधीपासूनच आहेत, पण आपल्या बाजारात मिळेल तेव्हा खरं. तोवर चिंध्यांच्या बाहुल्या कर, गोकाकची लाकडी खेळणी ठेव. आणि विचार, "तुझी बाहुली आज कामाला कुठं गेली गं?" माझ्याकडची एक म्हणाली, एसटी चालवायला, निपाणीला.