तळाला सोनेरी नांगर असलेली पुतळी खरंच चेल्सीची असेल का?

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तुम्हाला पोर्सेलीनची मेंढपाळीण दिसली, तळाला जहाजाच्या नांगराची चांगली मोठी सोनेरी खूण आहे, विक्रेता ‘अठराव्या शतकातली चेल्सी’ म्हणतोय आणि संग्रहाची सुरुवात तिच्यापासून करावी का, असं तुम्ही विचारलंय. पुतळी न बघता एवढंच सांगतो की तो मोठा नांगरच मला खटकतोय.

चेल्सी हा लंडनचा पोर्सेलीनचा कारखाना; तिथे सोनेरी नांगराची खूण वापरायचे तो काळ साधारण १७५६ ते १७६९. अस्सल नांगर सहसा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, तोही पुतळीच्या मागच्या बाजूला कुठेतरी, शोधावा लागेल असा. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन या नकला बनवणाऱ्या कारखान्याने चेल्सीच्या भरपूर नकला केल्या, इतरांनीही हात धुऊन घेतले. त्यांचे नांगर मात्र ठसठशीत.

म्हणून खूण शेवटी बघा, आधी माती. चेल्सीची पोर्सेलीन ‘सॉफ्ट पेस्ट’, म्हणजे कमी आचेवर भाजलेली, मऊसर आहे; तिच्यावरचे रंग झिलईत किंचित मुरलेले दिसतात. सॅमसनची ‘हार्ड पेस्ट’, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली, कठीण. तिथे रंग नुसते वर बसलेले असतात. कुठे टवका उडालेला असेल तर घासाघीस करण्याआधी भिंगातून तो बघून घ्या. सॉफ्ट पेस्ट आतून रवाळ दिसते, हार्ड पेस्ट फुटलेल्या काचेसारखी गुळगुळीत.

बोटं आणि फुलांच्या पाकळ्या तपासाच. अडीचशे वर्षांत एकही बोट मोडलं नसेल तर मी उलट जास्त निरखून बघतो. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की दुरुस्तीचा रंग बहुतेकदा वेगळा चमकतो.

खरं सांगू का, सुरुवात पुतळ्यांनी करूच नका. वूस्टर या इंग्लंडमधल्याच कारखान्याची निळी-पांढरी बशी घ्या, तडा गेलेली चालेल, स्वस्त पडते. हा कारखाना १७५१चा. त्यांच्या मातीत सोपस्टोन हा मऊ दगड असायचा, त्यामुळे उकळत्या चहाने भांडं तडकत नसे. चहाबाज इंग्रजांना आणखी काय हवं! मागून मोबाईलचा टॉर्च धरलात की पुष्कळदा हिरवट झाक दिसते. अशी एक बशी हाताळून डोळा जेवढा तयार होतो, तेवढा फोटो बघून होत नाही.

तरीही मेंढपाळणीवर जीव जडलाच असेल, तर पावतीवर ‘चेल्सी, अमुक साल’ असं लिहून मागा. विक्रेता ‘चेल्सी पद्धतीची’ यापुढे जाईना, तर पैसेही नकलेचेच द्या.