अंदाजाची बातमी करू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. नव्वदच्या दशकातल्या एका मोठ्या नटाने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल एका बाईने त्याचं नाव न घेता लिहिलं, आणि तुझ्या डेस्कने त्यावर ‘कोण आहे हा अभिनेता?’ अशी बातमी रात्रीपर्यंत मागितली आहे. चार नटांचे फोटो, खाली वाचकांना प्रश्न. कायद्यात बसेल का, असं तू विचारतेस. कायद्याकडे येतेच, पण आधी स्पष्ट सांगते: ही बातमी करू नकोस.

असा अंदाज सुरू झाला की लोक पुरुषाच्या आधी बाई शोधतात. त्या वर्षी दौऱ्यावर कोण होतं, मधेच काम कुणी सोडलं, कुणाचं लग्न घाईत उरकलं. मराठी नाटक-सिनेमाचं जग केवढंसं आहे! दादरच्या शिवाजी मंदिराबाहेर अर्धा तास उभं राहिलं तरी निम्मी माणसं ओळखीची निघतात. काही वर्षांपूर्वी अशीच एक बिननावाची बातमी आली होती. त्या नाटकात बदली कलाकार म्हणून काम केलेली एक बाई माझ्या ओळखीची होती. तिचा त्या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. पण नाटकाच्या जाहिरातीचा जुना फोटो तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, तिच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून. जावयाने मुलीला विचारलं, मुलीने हिला. ‘मी नाही’ असं सांगताना आपण दुसऱ्या कुणाला तरी खोटं पाडतोय असं वाटतं, हे ती मला म्हणाली होती. खरी तक्रारदार त्या आठवड्यात कुठे होती, कुणास ठाऊक. तिने हे सगळं पाहिलंच असेल.

‘सगळ्यांनाच माहीत होतं’ हे वाक्य तू आपल्या धंद्यात फार ऐकशील. प्रेस क्लबात ऐकशील, प्रीमियरला ऐकशील. हे वाक्य बोलणाऱ्याला वाटतं आपण गुन्हेगाराच्या विरोधात आहोत. प्रत्यक्षात गुन्हेगाराला याहून मोठं संरक्षण नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी तपासायला जात नाही.

ब्रिटनमधल्या जिमी सॅव्हिलचं प्रकरण नीट वाच. बीबीसीचा लाडका निवेदक, हॉस्पिटलांसाठी निधी गोळा करणारा, राजघराण्यात ऊठबस. तो अल्पवयीन मुलींवर अत्याचार करतो, अशी कुजबुज अनेक वर्षं होती. तो ऑक्टोबर २०११ मध्ये गेला. त्यानंतर बीबीसीच्याच ‘न्यूजनाइट’ या बातम्यांच्या कार्यक्रमाने काही बायकांशी बोलून बातमी उभी केली होती, ती थांबवली गेली आणि त्या नाताळात त्याच्या गौरवाचे कार्यक्रम दाखवले गेले. बातमी फोडली ती आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीने, ऑक्टोबर २०१२ मध्ये. पोलिसांनी ‘ऑपरेशन यूट्री’ सुरू केलं. जानेवारी २०१३ च्या अहवालापर्यंत सुमारे ४५० माणसं पुढे आली होती आणि एकट्या सॅव्हिलचे २१४ गुन्हे नोंदले गेले होते. बहुतेक पीडित तेव्हा अठराच्या आतले.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. सॅव्हिल जिवंत असताना, २००९ मध्ये, पोलिसांनी त्याला प्रश्न विचारले होते. तक्रारदार एकाहून जास्त होत्या. पण आणखीही कुणी बोललं आहे, हे त्यांना कळू दिलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं आपण एकटीच. पुढे फेरतपासणी झाली तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं की इतरांबद्दल कळलं असतं तर कोर्टात उभं राहायची तयारी झाली असती. आपलं काम इथे आहे बघ. नीट तपासून, जबाबदारीने छापलेली बातमी दुसऱ्या बाईला सांगते की तू एकटी नाहीस. ‘ओळखा पाहू’ छापलंस तर तिला कळतं की तोंड उघडलं की आपल्या आयुष्याचं कोडं होणार.

आणि घाई काय करते तेही तिथेच दिसलं. सॅव्हिल प्रकरणाने हात पोळलेल्या ‘न्यूजनाइट’ने २ नोव्हेंबर २०१२ ला वेल्समधल्या बालगृहातल्या अत्याचाराची बातमी दाखवली आणि एका बड्या राजकारण्याकडे बोट दाखवलं, नाव न घेता. नाव घेतलं नाही म्हणजे आपण सुरक्षित, असा हिशोब. काही तासांत ट्विटरवर लॉर्ड मॅकअल्पाइन यांचं नाव फिरू लागलं. त्याच आठवड्यात आयटीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात निवेदकाने इंटरनेटवरून जमवलेल्या नावांचा कागद थेट प्रक्षेपणात पंतप्रधान कॅमेरून यांच्या हातात दिला, आणि त्यावरची नावं क्षणभर कॅमेऱ्यात दिसली. दुसऱ्या दिवशी, ज्याच्या सांगण्यावर बातमी उभी होती त्या पीडित माणसाने मॅकअल्पाइन यांचा फोटो पाहिला आणि म्हणाला, हा तो माणूस नव्हे. बातमी प्रसारित होण्याआधी त्याला फोटो दाखवलाच नव्हता. मॅकअल्पाइन यांचं व्हर्जनही घेतलं नव्हतं. बीबीसीने १ लाख ८५ हजार पौंड दिले, आयटीव्हीने १ लाख २५ हजार, आणि बीबीसीच्या महासंचालकांनी राजीनामा दिला. पण ज्याच्यावर लहानपणी खरोखर अत्याचार झाला होता, त्या माणसाचं सगळं म्हणणंच संशयात गेलं. एक फोटो आणि एक फोन, एवढंच काम राहिलं होतं.

ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डचं उदाहरण तुझ्या व्हिडिओ टीमलाही सांग. ऑगस्ट २०१४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या एका जुन्या आरोपावरून पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली, बीबीसीने हेलिकॉप्टरमधून ती दाखवली, पुढे ते फुटेज वर्षातल्या उत्तम स्कूपच्या पुरस्कारालाही पाठवलं. अटक झाली नव्हती, आरोपपत्र कधीच आलं नाही. २०१८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने बीबीसीला २ लाख १० हजार पौंडांची भरपाई द्यायला लावली. त्यातली काही रक्कम त्या पुरस्काराच्या प्रवेशिकेबद्दल होती.

आता आपल्याकडचा कायदा. बलात्कारासारख्या लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नाव गाळून उपयोग नाही, ओळख पटेल असा कोणताही तपशील चालणार नाही. चार फोटोंपैकी एकाच्या शेजारी नायिका उभी असेल तर विचार कर. ज्या तीन नटांनी काही केलेलं नाही ते बदनामीचा दावा लावू शकतात, तो वेगळाच. आणि मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये मीडिया ट्रायलबद्दल दिलेला निकाल डेस्कवर प्रिंट काढून लावण्यासारखा आहे. तपास चालू असताना साक्षीदारांच्या जबाबाची चिरफाड आपण स्टुडिओत करायची नसते.

जुन्या आरोपांत आणखी एक गोष्ट सतत चुकीची छापली जाते. अभिनेत्री तनुश्री दत्ताने २००८ च्या सेटवरच्या छळाच्या प्रसंगाबद्दल २०१८ मध्ये ओशिवरा पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांनी बी समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल, दिली आणि मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण मुदतीबाहेरचं म्हणून दखल घेतली नाही. तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना अशी मुदत असते. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांना नसते. मुदत संपली याचा अर्थ आरोप खोटा ठरला असा होत नाही, खरा ठरला असाही होत नाही. कोर्ट त्या प्रश्नापर्यंत पोहोचलेलंच नसतं. अशा वेळी हेडिंगमध्ये ‘क्लीन चिट’ लिहायची सवय आपल्याकडे आहे, ती तू लावून घेऊ नकोस. आणि ‘इतकी वर्षं गप्प का होती?’ हा प्रश्न कुणी विचारला तर पत्रकार प्रिया रमानीवर एम. जे. अकबर यांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्याचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल दाखव. अनेक दशकांनंतरही बाईला तिच्या पसंतीच्या व्यासपीठावर तक्रार मांडता येते, असं दिल्लीच्या कोर्टाने त्यात म्हटलं आहे.

मग करायचं काय? तुझ्या मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलं आहेस की आणखी एका बाईने तुला इनबॉक्समध्ये ‘माझ्याबाबतही झालं होतं’ असं कळवलं आहे. अगं, बातमी ती आहे! चार फोटोंची नाही.

तिला भेट. ऑफिसजवळच्या कॅफेत बोलावू नकोस, ती म्हणेल तिथे जा. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नकोस. तेव्हा कुणाला सांगितलं होतं, हे विचार. बहीण, मेकअपदादा, हेअरड्रेसर, रूममेट. त्यांना स्वतंत्रपणे भेट. जुनी कॉल शीट, दौऱ्याच्या तारखा, लॉजची पावती, पत्र, डायरी. एकदा एका बाईंनी माझ्यापुढे लोखंडी ट्रंकेतून खिशात मावेल अशी डायरी काढली होती. त्या तारखेच्या पानावर प्रसंगाचं काहीच नव्हतं, फक्त ‘उद्यापासून जाणार नाही’ एवढं लिहिलेलं, आणि पुढची पानं कोरी. निर्मात्याच्या हिशोबाच्या वहीत तिचं मानधन त्याच तारखेला थांबलेलं होतं. पुरावा असा दोन बाजूंनी येऊन जुळतो. जुळला नाही तर तसं तिला तोंडावर सांगायची हिंमत ठेव, आणि तिच्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ नाही हेही सांग. त्या नटाला सविस्तर प्रश्न लेखी पाठव, उत्तराला पुरेसा वेळ दे. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे रात्री अकराला एक मिस्ड कॉल देऊन लिहायचं वाक्य नव्हे. आणि ज्यांनी तेव्हा दार लोटून घेतलं, त्या निर्मात्यांना, व्यवस्थापकांना विचार. ते अजून इथेच आहेत, अंधेरीत, गोरेगावात.

डेस्कवर नाही म्हणणं तुला जड जाईल, नवी आहेस. वाद घालू नकोस. ‘चार जणांपैकी तिघांची माफी कोण छापणार?’ एवढं लेखी विचार, मेलवर. तरीही बातमी गेलीच तर बायलाईन, म्हणजे बातमीवरचं तुझं नाव, काढायला सांग. नोकरीवर आलं तर मला फोन कर, मी बोलेन तुझ्या संपादकांशी.

पण त्या बाईला आजच उत्तर दे. तिचं नाव, तिचा मेसेज कुणाला दाखवणार नाहीस, तिला विचारल्याशिवाय एक ओळही छापणार नाहीस, असं लिही, आणि तिला कधी बोलायला चालेल ते विचार. तो स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकला असशील तर आधी तो काढून टाक.

तुझी,
ताई