वीज नेमकी जाते कुठे?

प्रश्न : आम्ही घरात चौघं. सगळे दिवे एलईडी केले, चार्जर न चुकता काढून ठेवतो, तरी महिन्याला २४० युनिट येतातच. पंधरा लिटरचा गिझर, जुना फ्रिज, तीन पंखे, टीव्ही आणि इन्व्हर्टर एवढंच सामान आहे. मीटर जास्त पळत असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शंका आली ना, मग आधी तीच फेडून घ्या. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे, तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. रात्री घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचंही. मेन स्विच मात्र चालू राहू द्या. आता दिवा थांबायला हवा. मिनिटाला एकदा जरी लुकलुकला तरी साधारण १९ वॉट कुठेतरी जात आहेत, म्हणजे महिन्याला तेरा-चौदा युनिट. मग मेन स्विच बंद करून पाहा. थांबला, तर वीज घरातच मुरतेय. वायरमनला बोलवा आणि अर्थिंगही तपासून घ्या, उद्यावर टाकू नका, कारण गळतीचा करंट जिवावर बेततो. मेन बंद असूनही लुकलुकत राहिला, तर मीटर तपासणीचा अर्ज करा.

इतकी वर्षं घरोघरी वायरिंगची कामं केली, त्यावरून सांगतो, दोष बहुधा मीटरचा नसतो. आणि चार्जर काढण्याचे कष्ट तुम्ही उगाच घेताय. नुसता लावून ठेवलेला चांगला चार्जर महिन्याला अर्धं युनिटही खात नाही. त्यापेक्षा टीव्हीकडे बघा. रिमोटने टीव्ही बंद होतो, सेट टॉप बॉक्स चालूच राहतो. तो दहा वॉटचा धरला तरी महिन्याला सात युनिट झाली. त्याचं बटण भिंतीवरूनच बंद करा.

तुमची खरी वीज गरम पाण्यात जाते. वीस लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या आसपास लागतं. चार आंघोळींचे महिन्याचे साठ युनिटच्या घरात जातात! गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांच्या जवळ आणा, आंघोळी लागोपाठ उरका आणि शेवटची झाली की बटण बंद. सकाळभर चालू ठेवलेला गिझर थंड होऊन पुन्हा पुन्हा तापत राहतो. गच्ची तुमच्या हक्काची असेल तर सौर बंब बसवाच. आपल्या भागात ऊन भरपूर आहे.

त्याखालोखाल पंखे. साधा पंखा ७५ वॉटचा. रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा त्याच वेगाला तीस-पस्तीस वॉटमध्ये भागवतो. तिन्ही एकदम बदलायची गरज नाही, झोपायच्या खोलीतला आधी बदला. रेग्युलेटर जुना, हाताला गरम लागणारा ठोकळा असेल तर तोही काढून टाका. पंखा हळू केला की उरलेली वीज त्या ठोकळ्यात उष्णता होऊन जाते.

फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर रबर गेलंय, ते बदलून मिळतं. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणीही बघा. म्हातारी बॅटरी भरतच नाही आणि चार्जिंग थांबत नाही.

प्रश्न : शंभर युनिट ओलांडली की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, हे खरं का?

उत्तर : नाही. घरगुती बिलात पहिल्या शंभरांना खालचाच दर राहतो, वरचा दर फक्त १०१ पासूनच्या युनिटना. म्हणून वाचवलेलं युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं. स्थिर आकार मात्र वापर घटला तरी भरावाच लागतो, तेव्हा बिलाच्या रकमेवर जाऊ नका. मागच्या वर्षीच्या याच महिन्याच्या युनिटशी ताडून बघा.