सात फुटी भिंत आणि 'सरकारी लुडबुड'

हॉटेलं, उपाहारगृहं, नोकऱ्यांत वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या अमेरिकेतल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला 'सरकारने खासगी धंद्यात लुडबुड करू नये' म्हणून ज्यांनी विरोध केला, ते प्रामाणिक होते की वर्णद्वेषी, असं तुम्ही विचारलंय. कुणाच्या मनात काय होतं ते आता उकरता येत नाही. मी एवढंच बघतो, की त्यांच्याच राज्याचं सरकार धंद्यात नाक खुपसत होतं तेव्हा या मंडळींनी काय केलं.

अलाबामातलं बर्मिंगहॅम घ्या. तिथल्या शहराच्या नियमानुसार गोऱ्या आणि काळ्या गिऱ्हाइकांना एका खोलीत जेवू घालणं गुन्हा होता. घालायचंच असेल तर मध्ये जमिनीपासून निदान सात फूट उंच भरीव आडभिंत हवी आणि रस्त्यावरून वेगळं दार हवं. म्हणजे मालकाला सगळीच गिऱ्हाइकं हवी असतील तर त्याने आधी गवंडी बोलवायचा! गोऱ्या-काळ्यांनी मिळून पत्ते खेळायलाही बंदी. मिसिसिपीत तर १९५६ पासून 'सार्वभौमत्व आयोग' नावाचं सरकारी खातं वर्णभेद टिकवण्यासाठी करदात्यांच्या पैशातून आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवत होतं. वॉशिंग्टनच्या नावाने बोटं मोडणारे दक्षिणेतले सिनेटर ही व्यवस्था मोडायला निघाले नव्हते, ती टिकवायला भांडत होते. त्यांच्यातले स्ट्रॉम थरमंड १९५७ मध्ये सिनेटमध्ये सलग २४ तास १८ मिनिटं बोलले, ते मतदानाच्या हक्काविषयीच्या विधेयकाविरुद्ध. त्यात कुणाची खासगी मालमत्ता आली? आणखी मागे गेलात तर १८५० मध्ये पळालेले गुलाम पकडायला केंद्राची माणसं उत्तरेत पाठवा म्हणणारेही दक्षिणेतलेच. उत्तरेतल्या राज्यांचे अधिकार तेव्हा कुणाला आठवले नाहीत. या गटाबद्दल मला शंका नाही.

ॲरिझोनाचा सिनेटर आणि १९६४ मधला रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटर, त्याच्यापाशी मात्र मी अडखळतो. या माणसाचा १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा होता. ॲरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमधला वर्णभेद संपवण्यात त्याचा हात होता. १९६४ च्या कायद्याविरुद्ध त्याने मत दिलं, पण त्याचा मुख्य आक्षेप दोनच भागांवर होता: हॉटेलं-उपाहारगृहं आणि नोकऱ्या. माझ्या मते तो मनापासून बोलत होता.

आणि आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये, समान वागणुकीची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी मालकाला नाही, असं म्हणून असाच एक जुना नागरी हक्क कायदा रद्द केला होता. म्हणून १९६४ मध्ये, राज्याराज्यांतल्या व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्राला देणाऱ्या घटनेतल्या कलमाचा आधार प्रामुख्याने घेतला गेला. मग काळ्या गिऱ्हाइकांना आत बसू न देणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यू या उपाहारगृहाच्या खटल्यात न्यायालयात हिशेब निघाला, तो मांसाचा: वर्षाच्या सुमारे दीड लाख डॉलरच्या खरेदीपैकी ६९,६८३ डॉलरचं मांस परराज्यातून आलेलं. माणसाला टेबलावर बसू द्यायचं की नाही, हे मांस कुठून आलं त्यावर ठरावं, हे मला आजही चमत्कारिक वाटतं. दुसऱ्या खटल्यात अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या मोटेलचा मालक स्वतःच वकील होता. त्याने तर काळ्या गिऱ्हाइकांना खोली देणं ही आपल्यावर लादलेली गुलामगिरी आहे, असा तेराव्या दुरुस्तीचा दाखला दिला. गुलामगिरी संपवणारी दुरुस्ती तीच! दोन्ही खटले डिसेंबर १९६४ मध्ये एकमताने सरकारच्या बाजूने लागले.

पण प्रामाणिक माणसालाही आपल्या मताचं गिऱ्हाईक कोण ते दिसतं. गोल्डवॉटर १९६१ मध्ये अटलांटात म्हणाला होता, की काळ्यांची मतं एकगठ्ठा आपल्याला मिळणार नाहीत, तेव्हा बदकं जिथे आहेत तिथेच शिकारीला जावं. १९६४ च्या निवडणुकीत त्याला सहा राज्यं मिळाली, त्याचं ॲरिझोना आणि दक्षिणेतली पाच. मिसिसिपीत त्याला ८७ टक्के मतं पडली, तीही बहुसंख्य काळ्या नागरिकांचं नाव मतदारयादीतच नसताना. ती मतं घटनेतल्या व्यापाराच्या कलमावर पडली असं कुणी म्हणालं तर मी हसेन.

परंपरावादी संपादक विल्यम बकलींचंही बघा. त्यांच्या 'नॅशनल रिव्ह्यू'ने १९५७ च्या संपादकीयात, दक्षिणेत गोरे अल्पसंख्य असतील तिथेही वरचढ राहण्याचा त्यांना हक्क आहे, कारण सध्या ते अधिक पुढारलेले आहेत, असं लिहिलं होतं. त्यात सरकारच्या मर्यादांपेक्षा वंशाची प्रतवारीच जास्त. २००४ मध्ये त्यांनी कबूल केलं, की वर्णभेद हळूहळू आपोआप सुटेल असं आपल्याला वाटायचं, ते चुकलं, केंद्राचा हस्तक्षेप आवश्यक होता.