नकारपत्राची तारीख आणि ‘पूर्वीचा आजार’

पॉलिसी घेतल्यानंतर आपल्या पत्नींना प्रायमरी बिलिअरी कोलँगायटिस हा यकृताचा स्वयंप्रतिकारजन्य आजार असल्याचे निदान झाले, पुढे मायोसायटिसने (स्नायूंच्या दाहाने) स्नायू दुर्बल होऊन श्वास घेणेही कठीण झाले, आणि रुग्णालयाच्या खर्चाचा दावा कंपनीने ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणून फेटाळला. अशा तक्रारी माझ्याकडे वरचेवर येतात. आपल्या पत्रातील खरी चिंतेची बाब मात्र वेगळी आहे : नकारपत्र येऊन 21 महिने झाले आणि आपण अजूनही कंपनीला ई-मेलच पाठवत आहात.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते आणि स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. विमा लोकपालाकडे जाण्याची 1 वर्षाची मुदत बहुधा आपण घालवलीच आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, परंतु पत्नी अंथरुणाला खिळलेली असताना कंपनीशी नियमित पत्रव्यवहार करणाऱ्याला ते कारण पटवून देणे अवघड जाते. म्हणून तक्रार याच महिन्यात दाखल करा.

कंपनीचा सारा भर पॉलिसीपूर्व रक्ततपासणीत वाढलेल्या एएसटी व एएलटी या, सहसा यकृताच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या विकरांवर आहे. ही विकरे स्नायूंतही असतात आणि यकृत ठणठणीत असतानाही स्नायूंच्या आजारात वाढू शकतात, हे खरे. तरीही ‘ती स्नायूंमुळे वाढली होती’ असे तक्रारीत चुकूनही लिहू नका, कारण मग स्नायूंचा आजारच पॉलिसीपूर्वीचा होता असे आपणच कबूल केल्यासारखे होईल. आपला मुद्दा एवढाच असावा की पॉलिसीतील ‘पूर्वीचा आजार’ या व्याख्येला निदान, वैद्यकीय सल्ला किंवा उपचार लागतात, नुसता वाढलेला आकडा पुरत नाही. मात्र त्या जुन्या अहवालावर डॉक्टरांनी ‘तज्ज्ञांना दाखवा’ असे लिहिले असेल, तर हा युक्तिवाद बराच लंगडा पडेल. प्रस्ताव अर्जात अशा तपासण्यांविषयी थेट प्रश्न होता का, हेही पाहावे लागेल. अर्जाची प्रत न ठेवता सही करण्याची सवय किती महागात पडते, ते इथे दिसते.

स्नायूंचा आजार यकृताच्या आजाराचीच गुंतागुंत आहे, या कंपनीच्या दाव्याबाबत मी ठाम मत देणार नाही. दोन्ही आजार एकत्र आढळतात आणि मायोसायटिसच्या काही रुग्णांत या यकृताच्या आजाराची खूण मानली जाणारी अँटीमायटोकॉन्ड्रियल प्रतिपिंडे सापडतात, परंतु सोबत आढळणे म्हणजे एकातून दुसरा उद्भवणे नव्हे. यावर तज्ज्ञ डॉक्टरांचे शपथपत्र घ्यावे लागेल. डिस्चार्ज कार्डावरील ‘4 वर्षांपासून यकृताचा विकार’ ही नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली, याचाही लेखी खुलासा रुग्णालयाकडून मागवा. हे दोन्ही कागद आयोगाच्या परवानगीने नंतरही सादर करता येतात. त्यांच्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका.